वाक्य अनपेक्षितपणे बंद झाले आहे

श्रीधर बुरगुटे यांचा आवाज पहिल्यांदा बंद पडला तो दुधीच्या भाजीवर.

सोमवारची दुपार होती. नलिनीबाईंनी ताट वाढलं, बुरगुटे सरांनी पहिला घास घेतला आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं म्हणाले, "वा! भाजी छान झा—"

गळ्यातल्या पदकातून 'टुंग' असा आवाज आला. पाठोपाठ एका अनोळखी बाईंचा अत्यंत शुद्ध आणि थंड आवाज स्वयंपाकघरात घुमला. "क्षमस्व. वाक्य अनपेक्षितपणे बंद झाले आहे. कृपया प्रतीक्षा करा."

दोघंही पदकाकडे बघत राहिले. सरांचे ओठ हलत होते, पण ऐकू काही येत नव्हतं. चाळीस सेकंदांनी पदकावरचा हिरवा दिवा लागला आणि आवाज परत आला.

"काय झालं गं याला?" सर म्हणाले. हे वाक्य मात्र पूर्ण झालं.

सर बार्शीचे. एका हायस्कुलात त्यांनी एकतीस वर्षं मराठी शिकवलं, पण गावात ओळख होती ती सूत्रसंचालक म्हणून. सत्कार असो, निरोप समारंभ असो, पुतळ्याचं अनावरण असो की पाण्याच्या टाकीचं उद्घाटन, माइक बुरगुटे सरांच्याच हातात. कुठल्याही माणसाला ते अर्ध्या तासात थोर करून दाखवत. तीन वर्षांपूर्वी, म्हणजे २०३८ साली, त्यांच्या घशात कर्करोग निघाला. डॉक्टरांनी स्वरयंत्र काढून टाकलं. जीव वाचला, आवाज गेला.

मग 'स्वरदूत' आला. कांद्याच्या पापुद्र्याइतकी पातळ एक जाळी कवटीखाली, मेंदूवर बसवायची. माणूस बोलायला जातो तेव्हा मेंदूचा एक ठरावीक भाग ओठ, जीभ आणि जबड्याला हुकूम सोडतो. स्वरयंत्र नसलं तरी हुकूम सुटायचे काही थांबत नाहीत. जाळी ते हुकूम टिपते, कानामागच्या बटणाएवढ्या संगणकाकडे पाठवते, तो त्यातून शब्द ओळखतो आणि गळ्यातलं पदक ते शब्द उच्चारतं. कुणाच्या आवाजात, ते जुनी रेकॉर्डिंग देऊन ठरवायचं. सरांची रेकॉर्डिंग गावात पोत्यानं होती, पण सगळी समारंभांतली. त्यामुळे त्यांना परत मिळाला तो व्यासपीठावरचाच आवाज. "नलिनी, टॉवेल दे," असं म्हटलं तरी टॉवेल हाच आजचा प्रमुख पाहुणा आहे असं वाटायचं.

या यंत्रात दोन उणिवा होत्या. प्रत्येक वाक्य दीड सेकंद उशिरा यायचं, आणि हसू अजिबात यायचं नाही. हसण्याला शब्द नसतात, आणि यंत्र तर शब्दांची वाट बघत बसायचं. सर हसले की नुसते खांदे हलायचे.

मग शनिवारी कंपनीनं नववी आवृत्ती पाठवली. सर दुपारी वामकुक्षी घेत होते तेव्हा ती आपोआप बसली. रविवारी सकाळी नलिनीबाईंनी साखरेऐवजी मीठ पडलेला चहा स्वतःच तोंडात घेतला आणि जो काही चेहरा केला, तो बघून सर हसले. खळखळून, पूर्वीसारखे, शेवटी घोड्यासारखे खिंकाळत. तीन वर्षांनी. नलिनीबाई ओट्याला धरून उभ्या राहिल्या. "परत हसा बघू," त्या म्हणाल्या.

आणि सोमवारी दुधी.

त्या दिवशी आवाज आणखी सहा वेळा बंद पडला. मंगळवारी नऊ वेळा. बुधवारी सरांनी सोलापूरच्या सेवा केंद्राला फोन लावला. तिथला इंजिनियर नौशाद शिकलगार हा चाळिशीचा, शांत स्वभावाचा माणूस. यंत्र बसवलं तेव्हापासून तोच सरांकडे बघायचा.

"बंद करून चालू केलं का, सर?" नौशादनं विचारलं.

"केलं."

"कानामागचं बटण गरम होतंय?"

"नाही."

"घरात मिक्सर वगैरे चालू असताना होतंय का?"

त्या आठवड्यात नौशादनं सांगितलेलं सगळं करून झालं. मिक्सर बंद ठेवून पाटा-वरवंट्यावर चटणी वाटली गेली. फोन दुसऱ्या खोलीत ठेवला. डोक्याला तेल लावणं सोडलं. यंत्राची साठवण कमी पडत असेल म्हणून सरांनी त्यात भरून ठेवलेली नऊशे सुवचनं पुसून टाकली. तेव्हा त्यांना स्वतःचा एक अवयव काढून दिल्यासारखं वाटलं. शनिवारी नौशादनं सोलापुरातूनच यंत्र 'सुरक्षित अवस्थे'त टाकलं. त्या अवस्थेत फक्त पन्नास शब्द बोलता येतात. पाणी, भूक, दुखतंय, डॉक्टर, हो, नाही. दिवसभरात एकदाही काही बंद पडलं नाही. संध्याकाळी नलिनीबाई म्हणाल्या, "बरं वाटलं हो आज."

पण सरांना हे परवडणारं नव्हतं. पुढच्या रविवारी बापूसाहेब गव्हाण्यांचा अमृतमहोत्सवी सत्कार होता. बापूसाहेब गावातल्या मोठ्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष. त्यांच्या पन्नाशीपासूनचा प्रत्येक सत्कार सरांनी केला होता. अकरा पानांचं निवेदन तयार होतं. आजारपणानंतरचा हा पहिला मोठा कार्यक्रम, आणि गावात कुजबूज होतीच, की बुरगुट्यांना आता जमतंय का.

"एक करा सर," नौशाद शेवटी म्हणाला. "नोंदवही ठेवा. किती वाजता बंद पडलं, तेव्हा कोणतं वाक्य चालू होतं, सगळं लिहा. आणि जी वाक्यं नीट गेली तीही लिहा. पण तुम्ही नका लिहू, तुमचं लक्ष बोलण्यात असतं. काकूंना सांगा."

नलिनीबाईंनी सत्तावीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर काढली होती. रेघा मारलेल्या कागदावर माहिती भरायची म्हटलं की त्यांच्या बोटांत जीव यायचा. त्यांनी वही आखली. वेळ, वाक्य, समोर कोण होतं, बंद की चालू. पहिल्या ओळीत सोमवारचं दुधीचं वाक्य आठवून लिहिलं.

तीन दिवसांनी दुपारी त्या वही घेऊन सरांसमोर बसल्या. चष्मा लावला.

"वाचते. नऊ चाळीस, समोर शेजारचे लोखंडे. 'तुमचा नातू चुणचुणीत आहे हो.' बंद. नऊ एकेचाळीस, तेच लोखंडे. 'बसा ना, चहा घ्या.' बंद. दहा पाच, मला. 'पेपर कुठंय?' चालू. अकरा वाजता पुण्याहून चुलतभावाचा फोन. 'अरे, तुझीच आठवण काढत होतो.' बंद. दोन वाजता मला. 'मी झोपलो नव्हतो, नुसते डोळे मिटले होते.' बंद. साडेचार. 'पाठ खाजव.' चालू."

"मग?" सर म्हणाले. "काय निष्कर्ष?"

"आणि काल दोन बावीस, माझ्या बहिणीला. 'अजून चार दिवस राहिला असतात तर बरं झालं असतं.' या वाक्याला तर तीनदा बंद पडलं. तुम्ही तीन वेळा प्रयत्न केलात." नलिनीबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "चौऱ्याहत्तर वाक्यं आहेत. यंत्र खोट्यावर बंद पडतंय."

"छे! काहीतरीच का—" टुंग. "क्षमस्व. वाक्य अनपेक्षितपणे बंद झाले आहे."

नलिनीबाईंनी शांतपणे घड्याळ पाहिलं आणि पंचाहत्तरावी नोंद केली.

नौशाद दुसऱ्याच दिवशी बार्शीला आला. त्यानं वही वाचली, लॅपटॉप यंत्राला जोडला, तासभर आकड्यांच्या रांगा बघितल्या आणि मग एखाद्या घरात दुःखद बातमी द्यायला आल्यासारखा खुर्चीवर सावरून बसला.

"काकूंचं बरोबर आहे, सर. त्याचं असं आहे. जुनी आवृत्ती फक्त तोंडाला जाणारे हुकूम वाचायची. त्याला वेळ लागायचा. नव्या आवृत्तीत कंपनीनं आणखी एक जागा वाचायला सुरुवात केली. मेंदूत शब्द तोंडाकडे निघायच्या आधी जिथं जुळतात, ती. म्हणजे आपण मनातल्या मनात बोलतो ना, ते. मनातलं आधीच कळलं की पुढचा शब्द कोणता ते यंत्राला ओळखता येतं. म्हणून उशीर गेला. हसूही तिथंच आधी उमटतं, म्हणून ते आलं. पण यंत्र दोन्हीकडची वाक्यं ताडून बघतं. मनात 'भाजी पांचट झालीय' आणि तोंडाला हुकूम 'भाजी छान झालीय', असं झालं की ते गोंधळतं. पुन्हा ताडतं. पुन्हा. सेकंदात दहा हजार वेळा. मेमरी भरते आणि प्रोग्रॅम पडतो."

"पण हे कंपनीच्या चाचणीत कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"चाचणीला बसलेल्या लोकांना कागदावरची वाक्यं वाचायला दिली होती, सर. 'गाय गवत खाते.' त्यात कोण कशाला खोटं बोलेल?"

"सगळ्यांचं असं होतंय का?" नलिनीबाईंनी विचारलं.

"देशात हे यंत्र वापरणारे चारशे सत्तर जण आहेत, काकू. तक्रारी चारशे अडुसष्ट आल्यात."

"आणि उरलेले दोन?"

"एकांच्या गावात रेंज नाही, अपडेट पोचलेलंच नाही. दुसरे मौनात आहेत."

सर हसले नाहीत. ते वहीकडे बघत होते. नलिनीबाईही बघत होत्या, पण पहिल्याच ओळीकडे.

"चौतीस वर्षं मी दुधी करतेय," त्या म्हणाल्या.

"तुला आवडतो म्हणून मी काही बोललो नाही."

"मला? मला कुठं आवडतो? तुम्हाला आवडतो म्हणून मी करतेय!"

'टुंग' वाजलं नाही, कारण दोघंही खरंच बोलत होते. नौशाद लॅपटॉपची वायर गुंडाळत खाली बघत राहिला.

"उपाय काय?" सरांनी अखेर विचारलं.

"कंपनी दुरुस्ती पाठवेल, पण महिना-दीड महिना लागेल. तोवर आठवी आवृत्ती परत टाकता येईल. दहा मिनिटांचं काम आहे. मग काय हवं ते बोला. फक्त तो उशीर परत येईल, आणि हसू जाईल."

"टाक परत," सर लगेच म्हणाले. "रविवारी कार्यक्रम आहे."

नलिनीबाई उठल्या आणि मागच्या अंगणात वाळत घातलेले कपडे काढू लागल्या. कपडे अजून ओलेच होते. सर मागोमाग गेले.

"काय झालं?"

"मला कुठं काय झालंय. तुमचा कार्यक्रम आहे."

"नलिनी."

त्यांनी ओली चादर परत दोरीवर टाकली. "तीन वर्षं या घरात मी एकटीच हसत होते. एकटं हसलं की वेड्यासारखं वाटतं हो. मी मग सोडूनच दिलं होतं."

सर घरात परतले. नौशादनं वायर जोडून ठेवली होती, त्याचं बोट कळीवर होतं.

"राहू दे," सर म्हणाले. वाक्य स्वच्छ गेलं.

आता प्रश्न होता रविवारचा. नलिनीबाईंनी सुचवलं की अकरा पानं एकेक वाक्य करून म्हणून बघावीत. शनिवारी सकाळी सर ताठ उभे राहिले, नलिनीबाई लाल पेन घेऊन बसल्या.

"ज्ञानगंगा खेडोपाडी नेणारे भगी—" टुंग.

नलिनीबाईंनी काट मारली. चाळीस सेकंद. पुढचं.

"ज्यांच्या निःस्वा—" टुंग.

"यांना आपण शिक्षणमहर्षी म्ह—" टुंग.

दुपारी दोनपर्यंत हे चाललं. मधल्या प्रत्येक शांततेत सर खिडकीबाहेर बघत उभे राहायचे. हीच वाक्यं त्यांनी पंचवीस वर्षं म्हटली होती, टाळ्या घेतल्या होत्या, आणि आपल्याला ती खरी वाटत नाहीत हे त्यांना कधी जाणवलंही नव्हतं. मनातलं बोलणं इतकं हळू असतं, की शेजारी माइक चालू असला तर ते स्वतःलाच ऐकू येत नाही.

अकरा पानांतून शेवटी अडीच ओळी उरल्या. बापूसाहेबांचा जन्म आगळगावला झाला. त्यांना आज पंचाहत्तर वर्षं पूर्ण झाली. त्यांची उंची पाच फूट अकरा इंच.

"उंची कशाला घातली होती?" नलिनीबाईंनी विचारलं.

"ते 'उत्तुंग व्यक्तिमत्त्वा'तलं उरलंय." सर खुर्चीत बसले. "मी कळवतो, माझी तब्येत बरी ना—" टुंग.

आजारी असल्याचंही सांगता येईना.

नलिनीबाई बराच वेळ पेनाचं टोपण लावत-काढत बसल्या. मग म्हणाल्या, "एक गोष्ट आहे. टपालखात्यात दुसऱ्याच्या पत्राबद्दल बोलत नाहीत, म्हणून तुम्हालाही कधी सांगितली नाही. पण आता मी निवृत्त आहे, आणि पोस्टकार्ड तसंही उघडंच असतं."

"कसलं पोस्टकार्ड?"

"दहावीचा निकाल लागला की बापूसाहेब दर वर्षी पोस्टात यायचे. शिपायाला पाठवायचे नाहीत, स्वतः यायचे. हातात पन्नास-साठ पोस्टकार्डांचा गठ्ठा. नापास झालेल्या मुलांना. सगळी स्वतःच्या अक्षरात. 'नापास झालास म्हणून घरी बसू नकोस. सोमवारी शाळेत ये. मी स्वतः दोनदा बसलोय.' खाली नुसतं 'गव्हाणे'. मुलींना 'नापास झालीस'. चूक नसायची. मी काउंटरवर होते तोवर एक वर्षही चुकलं नाही."

"पंचवीस वर्षं मी त्यांच्यावर बोलतोय," सर म्हणाले. "मला हे माहीत नव्हतं."

"तुम्ही कधी विचारलंत?"

ते उठले, ताठ उभे राहिले आणि तेच एका वाक्यात सावकाश म्हणाले. दर जूनला बापूसाहेब नापास मुलांना स्वतः पत्र लिहायचे. पदकावरचा हिरवा दिवा जळत राहिला.

रविवारी अकरा वाजता संस्थेचं सभागृह खचाखच भरलं होतं. व्यासपीठावर मधल्या खुर्चीत बापूसाहेब, शेजारी त्यांचा मुलगा अमरदीप पांढऱ्या सफारीत. पहिल्या रांगेत पाहुणे, तिसऱ्या रांगेत नलिनीबाई वही मांडीवर घेऊन.

सरांनी जन्मगाव सांगितलं, वय सांगितलं, आणि थेट पोस्टकार्डावर आले. त्यांनी विशेषणं लावली नाहीत, कारण लावायची भीती वाटत होती. त्यांनी नुसतं ते कार्ड म्हणून दाखवलं. "सोमवारी शाळेत ये." व्यासपीठावरच्या त्या आवाजात हे तीन साधे शब्द असे काही उमटले की पंखेही थांबल्यासारखे वाटले. मागच्या बाजूला एक पंचेचाळिशीचा माणूस उभा राहिला. "मला आलं होतं," तो म्हणाला. मग एक बाई उठल्या. मग आणखी दोघं. बघता बघता तीसेक माणसं उभी होती. बापूसाहेबांनी मान खाली घातली. टाळ्या सुरू झाल्या आणि थांबेनात.

आणि तिथंच सरांचा घात झाला. तीन वर्षांनी ऐकलेल्या टाळ्या त्या. त्या डोक्यात गेल्या, हात आपोआप वर गेला, छाती पुढे आली. "असे हे आपले शिक्षणमह—"

टुंग.

"क्षमस्व," त्या शुद्ध बाई आठ लाउडस्पीकरांतून म्हणाल्या. "वाक्य अनपेक्षितपणे बंद झाले आहे. कृपया प्रतीक्षा करा."

सर हात वर करून, मान खाली घालून निश्चल उभे राहिले. दुसरं काही करता येत नव्हतं. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांना वाटलं श्रद्धांजली आहे. ते उठून उभे राहिले. मुख्य पाहुणे उठले म्हटल्यावर मागचं सगळं सभागृह उठलं. सातशे माणसं माना खाली घालून स्तब्ध उभी, आणि ज्यांच्यासाठी उभी ते बापूसाहेब हार घालून समोर बसलेले. शेवटी बापूसाहेबांनाही बसून राहणं बरं दिसेना. तेही उठले आणि स्वतःसाठी मान खाली घालून उभे राहिले.

तिसऱ्या रांगेत नलिनीबाईंनी वहीत तोंड लपवलं होतं आणि त्यांचे खांदे गदगदत होते.

जेवणं चालू असताना बापूसाहेबांनी सरांना आतल्या खोलीत बोलावलं. दार लावून घेतलं.

"काय झालं वो तुमच्या यंत्राला?"

सरांना थाप मारायची फार इच्छा होती. पण थापेनं काय होईल हे माहीत असल्यानं त्यांनी सगळं सरळ सांगून टाकलं. बापूसाहेब ऐकत राहिले. ते चिडतील असं सरांना वाटलं होतं. बापूसाहेबांनी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला आणि खुर्ची जवळ ओढली.

"म्हणजे खोटं बोललात की बंद पडतंय?"

"हो."

"मग एक विचारतो. पुढच्या महिन्यात संस्था अमरदीपकडं देतोय. पन्नास लोकांना विचारलं. पन्नासच्या पन्नास म्हणाले, द्या. तुम्ही सांगा. देऊ?"

ही शिक्षणसंस्था, हा माणूस, हे गाव. पंचवीस वर्षांच्या सवयीचं वाक्य सरांच्या ओठांवर तयारच होतं. "द्या की. अमरदीप चांगला कर्तबगा—"

टुंग.

चाळीस सेकंद. बाहेरून पंगतीतला गलका येत होता, त्यात अमरदीप कुणाला तरी मोठ्यानं जिलेबीचा आग्रह करत होता. बापूसाहेब दाराकडे बघत राहिले. हिरवा दिवा लागला तेव्हा त्यांनी एक लांब श्वास सोडला.

"मला ठाऊक होतं," ते म्हणाले. "बाप आहे. पण कुणी तोंडानं म्हणेना. मग कुणाकडं देऊ?"

"रेहाना तांबोळी मॅडमकडे. मुख्याध्यापिका म्हणून त्यांनी संस्थेची शाळा सांभाळली, तुम्ही नाही." वाक्य पूर्ण झालं तेव्हा सरच दचकले.

बापूसाहेबांनी मात्र मान डोलावली. "जेवून घ्या," ते म्हणाले. "जिलेबी चांगली झालीय." आणि दार उघडताना वळून म्हणाले, "मी यंत्राशिवाय सांगतोय."

महिन्याभरात संस्थेची सूत्रं तांबोळी मॅडमकडे गेली, आणि का गेली ते गावभर झालं. सरांना सत्काराची निमंत्रणं येणं तडकाफडकी बंद झालं. त्याऐवजी लोक घरी येऊ लागले. एक आई मुलीच्या गाण्याची रेकॉर्डिंग घेऊन आली, हिला पुण्याला पाठवू का विचारायला. एक वकील स्वतःचं आत्मचरित्र ठेवून गेले. नगरपालिकेला उभा राहणारा एक उमेदवार आला, "मी निवडून येतो का?" म्हणून. सरांनी त्याला परोपरीनं सांगितलं की बाबा रे, हे यंत्र भविष्य सांगत नाही, नुसतं मला काय वाटतं तेवढं सांगतं.

"तेच तर कुणी सांगत नाही, सर," उमेदवार म्हणाला आणि पायरीवर बसून राहिला.

सर थकून जायचे. खरं बोलणं त्यांना अजून नीट जमत नव्हतं. वकिलांना ते म्हणाले, "पहिली दोनशे पानं काढा, मग बरं होईल." वकील आठ दिवस रुसले आणि मग खरोखरच काढायला बसले. गाणाऱ्या मुलीबद्दल मात्र सर बोलू लागले तेव्हा पदकातून शब्दांआधी एक हुंदका आला, आणि पुण्याची तयारी करायला तिच्या आईला तेवढं पुरलं.

मग एका सकाळी नौशादचा फोन आला. दुरुस्ती आली होती. नऊ पूर्णांक एक. दोन वाक्यं जुळली नाहीत की यंत्र आता ताडत बसणार नव्हतं, मुकाट्यानं तोंडाचं ऐकणार होतं. हसू राहणार होतं, वेग राहणार होता. प्रोग्रॅम पडणार नव्हता.

बातमी कशी फुटली कोण जाणे, दहा मिनिटांत बापूसाहेबांचा फोन. "टाकू नका हां, सर! संचालकांची बैठक आहे गुरुवारी, तुम्हाला शेजारी बसवणार होतो."

सरांनी फोन ठेवला. नौशाद दुसऱ्या फोनवर, स्पीकरवर थांबलेला होता. नलिनीबाई समोर भाजी निवडत होत्या.

"नको टाकायला," सर त्यांना म्हणाले. "लोकांचा विश्वास बसलाय."

"लोकांचा यंत्रावर बसलाय," नलिनीबाई म्हणाल्या. "टाका."

"का?"

"खोटं बोलताच येत नसताना खरं बोललात, त्यात तुमचं काय कौतुक? टाका. मग बघू."

सरांनी कळ दाबली. हिरवा दिवा विझला, दोन मिनिटांनी परत लागला.

"झालं, सर," स्पीकरवरून नौशाद म्हणाला. "आता जरा टेस्टिंग करून—"

"थांब रे जरा, नौशाद," नलिनीबाई म्हणाल्या. त्यांनी मेथीची जुडी खाली ठेवली. "तुमच्या आजारपणात मी निवृत्तीच्या चार वर्षं आधी नोकरी सोडली. पोस्टमास्तरची ऑर्डर निघाली होती माझी. ते बरोबर केलं का मी?"

हा प्रश्न इतक्या दिवसांत त्यांनी एकदाही विचारला नव्हता. यंत्र बंद पडत होतं तेव्हा तर नाहीच. सरांच्या ओठांवर 'हो' आलं होतं. म्हटलं असतं तर गेलंही असतं, गुळगुळीत, कुठंही न अडकता.

"नाही," सर म्हणाले. "तू पोस्टमास्तर व्हायला हवी होतीस. औषधं द्यायला माणूस ठेवता आला असता. मला तूच हवी होतीस, म्हणून तू सोडलीस तेव्हा मी काही बोललो नाही. तेव्हा आवाज नव्हता हे खरंय. पण लिहायला पाटी होती."

नलिनीबाईंनी मेथीची जुडी उचलली आणि दोन-चार काड्या जरा जोरातच मोडल्या. "पाटी होती," त्या म्हणाल्या. "हो. होती." आणि थोड्या वेळानं निवडलेल्या पानांचं ताट सरांकडे सरकवून म्हणाल्या, "घ्या, अर्धी तुम्ही निवडा."

सर निवडू लागले. फोनमधून खोकल्याचा आवाज आला.

"सर," नौशाद अवघडून म्हणाला, "हे टेस्टिंगला चालणार नाही. रिपोर्टला खोटं वाक्य लागतं. एक तरी बोला."

सरांनी विचार केला. मग हातातली काडी खाली ठेवली, कणा ताठ केला, आणि आपल्या भरदार, घुमणाऱ्या आवाजात, एकेक शब्द सुटा करत म्हणाले, "मी माझ्या बायकोला अजिबात घाबरत नाही."

पलीकडून कीबोर्डची खटखट ऐकू आली.

"झकास, सर," नौशाद म्हणाला. "कुठंही अडकलं नाही."